आकाशवाणी ऐकण्याचा परवाना

ऑगस्ट २०१९ च्या महापुरातले जे आवाज कोल्हापूरकरांच्या कानांत राहून गेले आहेत, त्यांत हेलिकॉप्टरचा आवाज एक आहे. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. त्या आठवड्यात पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आल्याने पुणे-बंगळूर वाहतूक बंद पडली आणि शहर काही दिवस बेटासारखे झाले. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. एकाचे घर सखल भागात, दुसऱ्याचे चढावर. म्हणून दोन्ही बिऱ्हाडे त्या दिवसांत एकाच छपराखाली होती. महाविद्यालय बंद, वीज जाऊन-येऊन. दिवसाचा बराच वेळ गच्चीवर जाई.

त्याच गच्चीवर नदीकाठच्या गल्लीतून हलवलेल्या एक आजी येऊन बसत. त्यांचे घर पाण्यात होते आणि म्हैस एका नातेवाइकाच्या दारात बांधलेली होती. डोक्यावरून हेलिकॉप्टर गेले की त्या मान वर करून विचारीत, ‘‘सर, ह्ये न्यायला आलंय का बघायला आलंय?’’

प्रश्न साधा होता आणि आम्हांला त्याचे उत्तर देता येत नव्हते. त्या दिवसांत आकाशात दोन्ही प्रकारची हेलिकॉप्टरे होती: बचावकार्याची आणि हवाई पाहणीची. आमच्यापैकी एकाने मोबाइलवर विमाने दाखवणारा नकाशा उघडला. हैदराबादकडे चाललेली, मुंबईकडे वळलेली प्रवासी विमाने त्यात ठिपक्याठिपक्यांनी सरकत होती. पण ज्या यंत्राच्या आवाजाने गच्चीवरचे पत्रे थरथरत होते, ते नकाशात नव्हते. डोक्यावर आवाज आणि पडद्यावर रिकामे आकाश, या विसंगतीतून आमचे कुतूहल जागे झाले. पुढे वाचत गेलो, तसतसे हे कुतूहल तंत्राचे कमी आणि इतिहासाचे अधिक आहे असे लक्षात आले. आकाशात जे बोलले जाते ते ऐकण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न आपल्याकडे जवळजवळ शंभर वर्षे जुना आहे.

जगातील अनेक शहरांत पोलिसांच्या हेलिकॉप्टरचा माग काढणे आणि त्याचे बिनतारी संभाषण ऐकणे हा रुळलेला छंद आहे. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी १९५६ मध्ये हेलिकॉप्टर वापरायला सुरुवात केली. पण पोलिसांचे बोलणे ऐकण्याची सवय त्याहून जुनी. डेट्रॉइट शहरात १९२८ मध्ये गस्तीच्या मोटारींना रेडिओवरून सूचना देण्याची पद्धत नियमितपणे सुरू झाली. त्या काळचे पोलिसी प्रसारण घरगुती रेडिओच्या पट्ट्याला लागूनच असे. म्हणून १९३० च्या दशकातील कित्येक अमेरिकन रेडिओ संचांच्या तबकडीवर पोलिसांची जागा छापलेली सापडते. संध्याकाळचे गाणे संपले की काटा किंचित सरकवायचा आणि शहरात कोठे काय घडले ते ऐकायचे. चोरून ऐकण्याचा भाव त्यात नव्हता; कारखान्यानेच ती खूण छापून दिली होती.

हेलिकॉप्टरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. पोलिसांचे आपापसांतले संभाषण आज पुष्कळ देशांत सांकेतिक झाले आहे. ब्रिटनमध्ये हा बदल या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत झाला. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी २०२३ पासून तो सुरू केला. मात्र तेच पोलीस हेलिकॉप्टर विमानतळाच्या नियंत्रकाशी बोलते तेव्हा सर्वसाधारणपणे उघड्या आवाजातच बोलते. ११८ ते १३७ मेगाहर्ट्‌झ हा विमानांच्या संभाषणाचा पट्टा. आपल्या एफएमचा पट्टा १०८ ला संपतो, त्याच्या थोडा वर. हे संभाषण उघडे असण्याचे कारण सुरक्षिततेचे आहे. एका वैमानिकाने ‘मी अमुक उंचीवर, अमुक दिशेने येतो आहे’ असे सांगितले की ते केवळ नियंत्रकानेच नव्हे, तर जवळपासच्या प्रत्येक वैमानिकाने ऐकणे अपेक्षित असते. जेथे नियंत्रकच नसतो, अशा लहान धावपट्टीवर वा हेलिपॅडवर वैमानिक आपली जागा सर्वांसाठी जाहीर करतो. सर्वांनी सर्वांचे ऐकावे, या तत्त्वावर आकाशातील वाहतूक आजही उभी आहे. छंदी श्रोता या रचनेत जमिनीवरून सामील होतो, इतकेच.

कायदा मात्र देशागणिक वेगळा आहे. अमेरिकेत १९३४ च्या दळणवळण कायद्याचा रोख, ढोबळमानाने सांगायचे तर, ऐकण्यापेक्षा ऐकलेले दुसऱ्यास सांगण्यावर आणि त्याचा लाभ उठवण्यावर होता. ब्रिटनच्या १९४९ च्या कायद्याने आपल्यासाठी नसलेला संदेश ऐकण्यासच मनाई केली. म्हणजे एका ठिकाणी कान मोकळा आणि तोंड बांधलेले. दुसऱ्या ठिकाणी कानच बांधलेला. भारताने तिसरी वाट धरली. येथे यंत्रच परवान्याखाली आणले गेले. आपल्याकडे हे कसे झाले, ते पाहण्यासारखे आहे.

१८८५ च्या भारतीय तार कायद्याने तारयंत्रणा उभारण्याचा व चालवण्याचा अनन्य अधिकार सरकारकडे ठेवला. १८५७ ची आठवण त्या वेळी ताजी होती आणि तारांनी साम्राज्य राखले ही भावना राज्यकर्त्यांत होती. पुढे रेडिओ आला. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. श्रोत्याने वर्षाला १० रुपये भरून परवाना घ्यावा आणि त्या उत्पन्नावर कंपनी चालावी, अशी योजना होती. परवाने थोडे निघाले. कंपनी १९३० मध्ये बुडाली आणि प्रसारण सरकारने हाती घेतले. त्यानंतर १९३३ चा भारतीय बिनतारी तार कायदा आला. परवान्याशिवाय बिनतारी यंत्र जवळ बाळगणे हाच त्याने गुन्हा ठरवला. या कायद्यामागचे एक मोठे कारण महसुलाचे होते: लोक परवाना न घेताच रेडिओ ऐकत होते. म्हणजे आपल्याकडे ‘अनधिकृत श्रवण’ ही कल्पना प्रथम हेराच्या भयातून नव्हे, तर बुडालेल्या शुल्कातून दृढ झाली. हेराचे भय तिला नंतर चिकटले.

आमच्या पिढीला तो परवाना अंधूक आठवतो. घरातल्या रेडिओसाठी पोस्टात जाऊन शुल्क भरायचे आणि पुस्तिकेवर नोंद करून आणायची. सांगली आकाशवाणीचे १९६३ मध्ये सुरू झालेले केंद्र ऐकायचे, तर त्यासाठीही ती पुस्तिका असावी लागे. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ही पद्धत संपली. घरचा रेडिओ मोकळा झाला. बाकीचे बिनतारी यंत्र परवान्यातच राहिले. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने १८८५ आणि १९३३ या दोन्ही कायद्यांची जागा टप्प्याटप्प्याने घेण्याचे ठरवले. परंतु रेडिओ उपकरण बाळगण्यासाठी अधिकृत मान्यतेची अट त्यातही आहे.

येथे भाषेच्या विद्यार्थ्याला एक गोष्ट खटकल्याशिवाय राहणार नाही. ज्या माध्यमाच्या श्रवणावर इतका पहारा होता, त्याला आपण नाव दिले ‘आकाशवाणी’. म्हैसूरमध्ये १९३५ मध्ये एम. व्ही. गोपालस्वामी या प्राध्यापकांनी सुरू केलेल्या केंद्रासाठी हे नाव वापरले गेले आणि १९५० च्या दशकात ते साऱ्या देशाच्या नभोवाणीचे झाले. पुराणांतली आकाशवाणी कशी असते? देवकीच्या पाठवणीच्या वेळी कंसाला उद्देशून जी वाणी झाली, ती कंसापुरती राहिली नाही. तिचा संबोध्य एक, पण श्रोते सारे. आकाशातून आलेले शब्द खाजगी नसतात, ही त्या कल्पनेतली गृहीत गोष्ट आहे. न्यायालयाच्या भाषेत ती आपल्याकडे फार उशिरा आली. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी क्रिकेट प्रसारणाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. ते प्रकरण प्रक्षेपणाच्या हक्काचे होते. श्रवणाच्या हक्काची चर्चा आपल्याकडे अजून तितक्या गांभीर्याने झालेली नाही.

राज्यसंस्था मात्र नेहमीच लक्षपूर्वक ऐकत आली आहे. १९४२ च्या चळवळीतील काँग्रेस रेडिओची कथा आपण विद्यार्थ्यांना प्रक्षेपणाची कथा म्हणून सांगतो. २७ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईतून हे गुप्त केंद्र ४२.३४ मीटरवर बोलू लागले. उषा मेहता, विठ्ठलभाई झवेरी आणि त्यांचे साथीदार जागा बदलत बदलत ते चालवत राहिले. १२ नोव्हेंबरला गिरगावातील पारेखवाडीत पोलिसांनी त्यांना गाठले. उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली. हीच कथा श्रवणाची म्हणूनही वाचता येते. केंद्राचा शोध चालू असताना पोलीस त्याचे प्रसारण रोज ऐकत होते आणि ऐकलेले उतरवून घेत होते. खटल्यासाठी केलेली ती उतरवणी आज त्या प्रसारणांच्या मजकुराचे मोठे साधन ठरली आहे. उषा ठक्कर यांचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेले या विषयावरचे पुस्तक अशाच कागदपत्रांवर उभे आहे.

हा विरोधाभास इतिहासाच्या अभ्यासकाने मनात ठेवण्याजोगा आहे. ज्यांच्यासाठी ते केंद्र बोलत होते, त्यांना ऐकलेले लिहून ठेवणे धोक्याचे होते. ज्यांना ते बंद पाडायचे होते, त्यांच्याकडे लेखनिक होते, कागद होता, दप्तर होते. परिणामी लोकांना उद्देशून झालेले बोलणे इतिहासाच्या हाती आले ते पोलिसांच्या कानातून. ऐकणाऱ्या माणसाची वही नसली, की मागे उरते ती पहारेकऱ्याचीच वही.

मराठी वाङ्मयेतिहासाला ही गोष्ट परकी नाही. आपल्या जुन्या गद्याचा मोठा भाग ऐकलेले लिहिण्यातून आला आहे. दरबारोदरबारी अखबारनवीस असत. ते पाहत, ऐकत आणि कळवत. जासूद व हरकारे ते पोहोचवीत. ‘बखर’ हा शब्द ‘खबर’ वरून आला, असे एक मत आपण वर्गात सांगतोच. परंतु ही खबर सामान्यतः सत्तेकडे जाणारी होती. सत्तेविषयीची खबर प्रजेने स्वतःसाठी लिहून ठेवल्याचे नमुने त्या मानाने थोडे. रयतेला काय ऐकू येत होते, हे आपल्याला पोवाडा, ओवी, म्हणी यांतून वेचावे लागते.

आता याची दुसरी बाजू. ती टाळून हा विषय मांडणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

२८ नोव्हेंबर २००८ च्या सकाळी मुंबईत नरिमन हाउसच्या छपरावर हेलिकॉप्टरमधून राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो उतरले. दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांनी ते दृश्य थेट दाखवले. हल्लेखोरांचे सूत्रधार सीमेपलीकडे बसून दूरचित्रवाणी पाहत होते आणि दूरध्वनीवरून सूचना देत होते. २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालपत्रात सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांच्या या थेट प्रक्षेपणावर कडक शब्दांत टीका केली. पुढे २०१५ मध्ये दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणास नियमाने बंदी झाली. पाहणाऱ्याच्या मनात काही वाईट नसताही त्याचे पाहणे कोणाच्या जिवावर बेतू शकते, हे त्या सकाळने दाखवले. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात पोलीस मोहिमांसाठी, जखमी जवानांना हलवण्यासाठी हेलिकॉप्टर वापरले गेले आहे. तेथे त्याच्या येण्याजाण्याचा माग काढणे हा निरुपद्रवी छंद आहे, असे कोणी म्हणू शकणार नाही.

आणि तरीही भयाने आंधळे झालेले संशयाचे उदाहरणही आपल्याकडेच आहे. १३ फेब्रुवारी २०१० रोजी पुण्यात जर्मन बेकरीत स्फोट झाला. त्यानंतर दोनच दिवसांनी दिल्लीच्या विमानतळाजवळील एका हॉटेलातून दोन ब्रिटिश पर्यटकांना ताब्यात घेण्यात आले. धावपट्टी दिसेल अशी खोली त्यांनी मागितली होती. जवळ दुर्बीण, कॅमेरे आणि विमानांचे संकेत टिपणारे यंत्र होते. त्यांचा छंद विमाने पाहण्याचा आणि त्यांचे क्रमांक टिपण्याचा. त्यांच्या देशात असे छंदी हजारोंनी आहेत. येथे त्यांना सुमारे दोन महिने अडकून पडावे लागले आणि अखेर दंड भरून ते मायदेशी परतले. ग्रीसमध्येही नोव्हेंबर २००१ मध्ये ब्रिटिश व डच विमानछंदींचा एक गट हेरगिरीच्या संशयावरून पकडला गेला होता. त्यांना शिक्षा झाली आणि पुढे २००२ च्या अखेरीस वरच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. वहीत क्रमांक लिहिणारा माणूस तपासयंत्रणेला समजत नाही. कारण वही कशासाठी, याचे उपयोगी उत्तर त्या माणसाकडे नसते. ‘आवड आहे म्हणून’ हे उत्तर चौकशीच्या खोलीत फार दुबळे ठरते.

या दोन टोकांमध्ये रेषा कोठे काढावी? आम्हांला असे वाटते की ती ऐकणे आणि सांगणे यांच्यामध्ये, आणि त्यातही ‘आत्ता सांगणे’ व ‘पुढे सांगणे’ यांच्यामध्ये काढता येते. २००८ मध्ये घात झाला तो क्षणोक्षणी दाखवण्याने. तेच दृश्य आठवड्याने दाखवले असते, तर ते साक्ष ठरले असते. इतिहासाची वही आणि हेराचा निरोप यांत मजकूर एकच असू शकतो. फरक असतो तो वेळेचा आणि पत्त्याचा. हेराला घाई असते. इतिहास लिहिणाऱ्याला नसते.

तंत्राने या चर्चेला नवे वळण दिले आहे, तेही सांगितले पाहिजे. प्रवासी विमाने आपला क्रमांक, जागा आणि उंची १०९० मेगाहर्ट्‌झवर सतत प्रसृत करतात. २०१२ च्या सुमारास टीव्ही पाहण्यासाठी बनवलेली पेनड्राइव्हएवढी एक स्वस्त वस्तू हे संकेत पकडू शकते, असे छंदींच्या ध्यानात आले. जगभर हजारो लोकांनी घराच्या छपरावर असे ग्राहक बसवले आणि त्यांतूनच मोबाइलवरचे नकाशे भरले जातात. या नकाशांना दोन मर्यादा आहेत. हे संकेत सरळ रेषेत जातात. डोंगराआड, खाली उडणारे हेलिकॉप्टर दूरच्या छपरावरील ग्राहकाला दिसत नाही. पन्हाळा-जोतिबाच्या रांगांनी वेढलेल्या आमच्या भागात ही अडचण मोठी. दुसरी मर्यादा धोरणाची: लष्करी आणि पोलिसी हेलिकॉप्टरे पुष्कळदा हे संकेत देतच नाहीत, किंवा नकाशा चालवणाऱ्या कंपन्या विनंतीवरून ती दाखवत नाहीत. महापुरात आमच्या पडद्यावरचे आकाश रिकामे का होते, त्याचे उत्तर या दोहोंत कोठेतरी होते.

आम्ही स्कॅनर घेतला नाही. परवान्याविना तो बाळगणे कायद्यास धरून नाही आणि विद्यार्थ्यांना कायद्याचा इतिहास शिकवताना स्वतः तो मोडण्यात काही शौर्य नाही. पण एका साधनावर कोणताही परवाना नव्हता, आणि ते दोघांपाशीही होते: कान.

हेलिकॉप्टरचा आवाज हा मुख्यतः त्याच्या पात्यांचा आवाज. वरचा पंखा मिनिटाला किती फेरे घेतो आणि त्याला पाती किती, यावर त्या ठोक्यांची गती ठरते. एमआय-१७ या अवजड हेलिकॉप्टरला पाच पाती. त्याचा पंखा मिनिटाला सुमारे १९० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला साधारण १६ ठोके. चेतकला तीनच पाती, पण फेरे जवळजवळ दुप्पट. ध्रुवला चार पाती आणि सेकंदाला सुमारे २१ ठोके. माणसाचा कान सेकंदाला २० कंपनांच्या खालचा सूर नीट ऐकत नाही. म्हणून अवजड हेलिकॉप्टर आधी छातीला आणि खिडकीच्या काचेला जाणवते, कानाला नंतर. जवळ येताना सूर किंचित चढतो, डोक्यावरून गेल्यावर उतरतो; हे तर रेल्वेच्या शिट्टीत सर्वांनी अनुभवलेले आहे.

हे आकडे आम्हांला पुढे वाचनातून कळले. गच्चीवर मात्र तीनचार दिवसांत कान आपोआप तयार होत गेला. काच वाजली की मोठे. काच न वाजता नुसता कडकडाट आला की लहान. शाळेच्या जुन्या हजेरीवहीच्या कोऱ्या पानांवर आम्ही चार रकाने आखले: वेळ, दिशा, आवाज, आणि चौथा ‘थांबला का?’ हा चौथा रकाना आजींमुळे आला. एका दुपारी पूर्वेकडे गेलेला आवाज दूरवर बराच वेळ एकाच जागी राहिला, मग खाली बसल्यासारखा जड झाला आणि नंतर परत फिरला. आजी म्हणाल्या, ‘‘ह्ये न्यायला आलं हुतं.’’ पाहणीचे हेलिकॉप्टर आवाज ओढीत नेते. त्याचा सूर एका बाजूने येतो आणि दुसऱ्या बाजूने विरतो. माणसे उचलायला किंवा सामान उतरवायला आलेले हेलिकॉप्टर थांबते. आयुष्यात कधी विमानात न बसलेल्या त्या बाईंनी आमच्याआधी हे ओळखले होते. आम्ही तोवर पडद्याकडे पाहत होतो आणि त्या ऐकत होत्या.

हे अनुमान नेहमी बरोबर असेल, असा आमचा दावा नाही. पाहणीचे हेलिकॉप्टरही घिरट्या घालते, उतरते. बचावाचे हेलिकॉप्टर जागा न मिळाल्याने परत जाते. ८ ऑगस्टला शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळ येथे माणसांनी भरलेली बोट उलटली आणि अनेकांचा जीव गेला. ती बातमी कळली त्या संध्याकाळी आम्ही वही उघडली नाही. आकाशात आवाज आहे म्हणजे खाली मदत आहे असे नव्हे, हे त्या दिवशी कळले. आणि कोठे आवाज आला नाही, याचीही नोंद हवी हेही कळले. वहीतल्या रिकाम्या रकान्यांना अर्थ असतो.

कोल्हापूरचे आकाश तसे जुने आहे. उजळाईवाडीचा विमानतळ १९३९ मध्ये, छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत झाला. संस्थानी काळातल्या त्या धावपट्टीवरून मध्ये बरीच वर्षे नियमित विमान नव्हते. ते २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि २०२४ मध्ये तेथे नवी इमारत उभी राहिली. निवडणुकीच्या दिवसांत पुढाऱ्यांची हेलिकॉप्टरे उसाच्या फडांवरून येतात आणि गावोगावची पोरे धुरळ्यात धावतात. पूर आला की बचावाची येतात. या ऐंशीपंचाऐंशी वर्षांत आकाशातून जे आले-गेले, त्याच्या सरकारी नोंदी कोठे ना कोठे असतील. गल्लीत उभे राहून ज्यांनी ते ऐकले, त्यांच्या नोंदी कोणी ठेवायच्या?

नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे अवधान मागतात, हे आपण दरवर्षी शिकवतो. ऐकणारा हा त्या ग्रंथात निष्क्रिय नाही. त्याच्या ऐकण्यावर निरूपण उभे आहे. नागरिकाच्या बाबतीतही हे लागू करून पाहावे असे आम्हांला वाटते. सत्ता डोक्यावरून जाते तेव्हा मान वर करून ऐकणे, ऐकलेले घाईने कोणाला न कळवता तारखेवार लिहून ठेवणे आणि पुढे कोणी विचारले तर ते दाखवता येणे, याला परवाना लागत नाही. महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत हस्तलिखितांची कपाटे आहेत. त्यांच्या शेजारी अशा वह्यांसाठी एक खण ठेवावा. गावोगावचे विद्यार्थी त्या वह्या आणू शकतील.

जुलै २०२१ मध्ये पंचगंगा पुन्हा वाढली आणि या वेळी पाणी ५६ फुटांपर्यंत गेले. आम्ही तीच हजेरीवही काढली. आजी तेव्हा लेकीकडे गेल्या होत्या. त्यांची नात, आमच्याच महाविद्यालयात पहिल्या वर्षाला असलेली, पावसाने उघडीप दिली की गच्चीवर येऊन बसे. चौथा रकाना तिने भरला. बहुतेक ठिकाणी तिने ‘नाही’ लिहिले आहे.